जानाक्काचा अर्धा सिनेमा

बातमी आली तेव्हा माझ्या मशीनमधून कुणाच्या तरी पहाणीच्या उताऱ्याच्या प्रती निघत होत्या. जोयड्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि कचेऱ्या उघडायच्या आधीच जमिनीचे कागद घेऊन माणसं दारात उभी असतात. जानाक्काचा महादेव त्या माणसांना बाजूला सारत सरळ टेबलापाशी आला. गुंद गावाच्या पलीकडे त्यांची वाडी. तिथे फोनला रेंज नाही, म्हणून खानापूरच्या पाहुण्यांना कळवायला तो मोटरसायकलवरून इथवर आला होता. "मामा, आई गेली," तो म्हणाला. "पहाटंच्याला उठलीच न्हाई." मशीन चालूच राहिलं. पाच प्रती हव्या होत्या, किती निघाल्या ते मी पाहिलंही नाही... त्या क्षणी मला काय सुचलं ते सांगतो, मग कुणी मला काहीही म्हणो. मला वाटलं, जानाक्का, अखेर एक पहाट तू झोपून काढलीस!

जानाक्का माझी चुलत बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला जाऊन आता सात-आठ आठवडे झाले. पेपरासाठी हे लिहायला बसलो त्यामागे दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर राग जास्त आहे. तिच्या बाराव्याला वाडीच्या वळणावर एक भला मोठा फ्लेक्स लागला. आधार कार्डावरचा तिचा तो घाबरलेला फोटो मोठा करून लावलेला, आणि खाली लिहिलेलं: "कष्टमूर्ती. श्रम हाच जिचा देव होता." हा मजकूर तिचे थोरले दीर नारायणदा आधी माझ्याकडे टाइप करायला घेऊन आले होते. मी म्हटलं, "नारायणदा, हे मी टाइप करणार नाही. ती ऐकत असेल तर मला वरून धोंडा घालील." ते रामनगरला गेले आणि तिथून करून आणलं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, त्यातला प्रकार. ही म्हण तिच्याबद्दल वापरली म्हणून कुणी रागावू नका, ती असती तर सगळ्यात मोठ्यानं तीच हसली असती. आणि त्याच दिवशी, पानं उठल्यावर, नारायणदांनी चारचौघांत जाहीर केलं: "सिनेमाचं थेर आता बास. आन् ते दुपारचं लोळणंबी बास. ती गेली, तिच्यासंगं ते बी गेलं." कसला सिनेमा आणि कसलं लोळणं, हे कळल्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

झेरॉक्सच्या आधी माझं सीड्या भाड्यानं द्यायचं दुकान होतं. बेळगावच्या बाजारातून महिन्याला पिशवीभर सिनेमे आणायचो. त्यात एकदा दुकानदारानं, कुणी घेत नाही म्हणून, "उठतो की" नावाचा एक मराठी सिनेमा वर घातला. तो थेटरात आला कधी आणि गेला कधी, कुणाला पत्ता नव्हता. दोन तबकड्यांचा जोड होता. जीपमध्ये बसताना मी पिशवी सीटवर ठेवली आणि वळून कुणाशी तरी बोलता बोलता तिच्यावरच बसलो. बाकी सगळं वाचलं, "उठतो की"ची दुसरी तबकडी तेवढी मोडली. फुकट आलेल्या मालाचं कसलं दुःख! पहिल्या तबकडीवरचा एकचा आकडा मी नखानं खरवडला आणि सिनेमा एवढाच आहे असं ठरवून टाकलं. सांगायचं काय, तर सदा नावाचा तिशीचा एक बाप्या अंगणातल्या बाजेवर पडलेला आहे. थोरला भाऊ त्याला कामाला जा म्हणून ओरडायला येतो आणि ओरडून दमला की बाजेच्या कडेला टेकतो. चोरीचा संशय घेऊन हवालदार येतो, तोही बूट काढून बसतो. नवरा मुलगा कसा आहे ते बघायला मुलगी स्वतःच येते, तीही बसते. जो येतो तो आपला थकवा सांगतो, सदा ऐकतो, "उठतो की" म्हणतो आणि उठत नाही. शेवटी बाजेवर सहा माणसं, कुणी काही बोलत नाही, आणि सदा म्हणतो, "बघा. काय अडलं?" इथे टीव्ही निळा व्हायचा. तबकडी संपली म्हणून निळा व्हायचा, हे मला एकट्याला माहीत. बाकी सगळ्यांना वाटायचं, हाच शेवट. आणि मी सांगतो, शेवट म्हणून तो वाईट नव्हता.

जानाक्कानं तो पहिल्यांदा पाहिला माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून. नवरा जाऊन तिला दोन वर्षं झाली होती. पेन्शनच्या कागदांसाठी ती एका कचेरीत खेटे घालत होती, कुठल्या ते सांगत नाही, मला याच गावात दुकान चालवायचं आहे. तिसऱ्यांदा "जेवणानंतर या" ऐकून ती माझ्याकडे आली. टीव्हीवर सदा पडलेला होता. हवालदारानं बूट काढले तेव्हा माझ्या मागून एक आवाज आला. मी वळून पाहिलं तर जानाक्का पदर तोंडात कोंबून हसत होती. दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. निळा पडदा येईस्तोवर ती हलली नाही. मग उठली, कचेरीत गेली, आणि कारकून "उद्या या" म्हणाल्यावर व्हरांड्यातल्या बाकावर चक्क आडवी झाली. माणसं जमली, शिपाई आला, साहेब बाहेर आले. ती पडल्या पडल्या म्हणाली, "तुमचं चालू द्या सायब. मला घाई न्हाई." कचेरी बंद व्हायच्या आत सही झाली! त्या संध्याकाळी ती तबकडी पिशवीत घालून घेऊन गेली आणि मला कधीच परत केली नाही.

त्या दिवसापासून त्या वाडीचं एक वेगळंच चालू झालं. लावणी सरली की पहिल्या मोकळ्या सोमवारी दुपारी जानाक्काच्या ओसरीवर "उठतो की" लागायचा. दरवर्षी. त्या दिवशी बायका चूल पेटवणार नाहीत, पुरुषांनी काय ते शिजवून आणायचं, असा तिचा कायदा. दोन-चार वर्षांत लोकांना सगळं पाठ झालं. हवालदार यायच्या आधीच लोक त्याच्यासाठी जागा करायला सरकून बसायचे, आणि टीव्ही निळा झाला की टाळ्या. ती हुकूमशहा होती हेही सांगून टाकतो. मधल्या एका गाण्याला कंटाळून पाहुणे उठायला लागायचे म्हणून एका वर्षी तिनं बाहेरचं दार लावून घेतलं आणि किल्ली कनवटीला खोचली. तिची सून सुनंदा, रामनगरकडची, लग्न होऊन आली त्या वर्षापासून मागे बसून सूप घेऊन तांदूळ निवडायची. कधी हसायची नाही. "हिला इनोद कळत न्हाई," असं जानाक्का तिच्यासमोरच सांगायची, आणि सुनंदा खाली मान घालून खडे वेचत राहायची. सासू-सुनेचं फार गूळपीठ होतं असं मी काही म्हणणार नाही.

पण सिनेमा ही वर्षातून एका दुपारची गोष्ट. खरी भानगड त्या तासाची होती. लावणीच्या दिवसांत आमच्याकडे बायका पाळीपाळीनं एकमेकींच्या शेतात जातात. आज हिच्या, उद्या तिच्या. मजुरी नाही, मी तुझ्याकडे जितकं वाकले तितकं तू माझ्याकडे वाकायचं, एवढाच हिशेब. दिवसभर कंबर मोडून चिखलात, दुपारी दोन घास, की पुन्हा चिखलात. जानाक्कानं एका वर्षी आपल्या शेतात सांगून टाकलं, "माज्या शेतात आलेली बाई जेवल्यावर तासभर आडवी पडंल. जिला पडायचं न्हाई तिनं येऊ नको." बायका आधी लाजल्या. मग खोपीत, इरलं ओढून, एकमेकींच्या पाठीला पाठ लावून पडल्या. आणि आता इथली रीत बघा. जे तुझ्या शेतात घेतलं ते माझ्या शेतात फेडावं लागतं. जानाक्काकडे तास मिळाला, मग तोच तास दुसरीला आपल्या शेतात द्यावा लागला, मग तिसरीला. कुणी सभा घेतली नाही, ठराव केला नाही. तीन पावसाळ्यांत "सदाचा तास" सगळ्या वाडीत फिरून आला. पुरुष बांधावरून आरडाओरडा करत, उंटावरून शेळ्या हाकणं आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही! नारायणदा म्हणायचे, "असंल माजा हरी तर दील खाटल्यावरी, तसलं चाललंय." ती म्हणायची, "भावजी, हरी देतोय का न्हाई ते मला म्हाईत न्हाई. खाटलं मी घ्यायलोय."

आता तुम्ही म्हणाल, मग आळशी होती की काय ही बाई? अहो, चाळीस वर्षं ती पहाटे चारला उठली. गोठा, पाणी, चूल, शेत, रानातलं जळण, पुन्हा चूल. एकदा मी तिला विचारलंच, इतकं काय आहे गं त्या सदात, तू तर त्याच्या उलटी. ती भाकरी थापत होती. थांबली नाही, नुसतं म्हणाली, "मी उठलो न्हाई असा एक दिस दाव मला गोप्या. त्यो माज्या वाटणीचं लोळतोय."

मग सात-आठ वर्षांपूर्वी गणेशगुडीला ती गंमत झाली. जानाक्का एका लॉजवर कणगं, म्हणजे आमच्याकडचे कंद, द्यायला आली होती, मीही बरोबर होतो. त्या दिवशी धरणातून पाणी सोडलं नव्हतं, म्हणून नदीवरचे तराफे काठाला लागलेले आणि ते चालवायला आलेली शहरी पोरं-पोरी कट्ट्यावर आडवी. त्यातल्या एकाच्या बनियनवर छापलेलं होतं: "उठतो की". जानाक्का टोपली डोक्यावर घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बघा. काय अडलं?" तो पोरगा ताडकन उठून बसला. ही बेळगावची मंडळी, शिकलेली, नोकऱ्या करणारी. तेव्हा आम्हाला कळलं की आमचा सदा आमच्या एकट्यांचा नव्हता. फोनवर त्याच्या भक्तांचे गट होते. वर्षातून एकदा ही मंडळी हॉल घेऊन, बाजा मांडून, सदासारख्या लुंग्या नेसून, सिनेमाबरोबर एकेक वाक्य म्हणत बघायची. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं मी मनात म्हटलं, आणि लगेच मला आमच्या ओसरीवरचा सोमवार आठवला.

ती सगळी त्याच दिवशी वाडीवर आली, लॅपटॉप घेऊन. ओसरीवर गर्दी झाली. बाजेवर सहा माणसं बसली, सदा आपलं वाक्य बोलला, आम्ही टाळ्या वाजवल्या... आणि पडदा निळा झालाच नाही. सिनेमा पुढे चालू राहिला. पुढे काय, तर सदा उठतो! केस कापतो, कारखान्यात लागतो, त्या मुलीशी लग्न करतो, आणि शेवटी कामगारांसमोर उभा राहून कष्टाचं महत्त्व सांगतो, मागे वाजंत्री. ते भाषण सुरू झाल्यावर जानाक्का उठली आणि लॅपटॉपचं झाकण खाली दाबलं. "ह्यो आमचा सदा न्हवं," ती म्हणाली. "ह्येला कुणीतरी मारून उठवलंय." पोरं हसली, पण ती हसत नव्हती. त्यातली एक मुलगी, पल्लवी, हळूच म्हणाली, "अक्का, आम्हालाही हा भाग नाही आवडत. पण सिनेमात आहे ना तो, बघावा लागतो." जानाक्का म्हणाली, "कोण म्हनलं बगावा लागतो?"

मग ती माझ्याकडे वळली. "गोप्या, दुसरी शीडी व्हती?" एवढ्या माणसांसमोर मी कबूल केलं. होती, माझ्या बुडाखाली मोडली. मला वाटलं आता टोपली डोक्यात बसते. तिनं मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तुज्या जन्मातलं येवढं एकच काम बेस झालं बघ." बेळगावकरांनी परत जाऊन आपल्या गटावर हे लिहिलं आणि आमच्या अर्ध्या सिनेमाला "गुंदाची प्रत" असं नाव दिलं. पुढच्या मेळाव्यात त्यांनी सिनेमा बाजेवरच थांबवला म्हणे. अर्धे लोक टाळ्या वाजवत होते, अर्धे भांडत होते, उरलेला सिनेमा दाखवा म्हणून. अजूनही ते भांडण मिटलेलं नाही, आणि मिटू नये.

आता कळलं माझा राग कशाचा? नारायणदांनी बारा दिवसांत तिचा उत्तरार्ध तयार केला. केस विंचरले, कामाला लावली आणि तिच्या तोंडी कष्टाचं भाषण घातलं. ते दुष्ट नाहीत. फ्लेक्सवरून मी त्यांच्याशी भांडलो तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "आमच्या घरातल्या बाईला लोकांनी आळशी म्हनायचं व्हय रे?" त्यांनी विचारलं. "किती राबली ती, मी बगितलंय." मीही पाहिलं आहे, नारायणदा. ती राबली, खोटं नाही. पण जे दुसरं काही हातात नव्हतं म्हणून केलं, ते तिचं नाव कसं होईल? तिनं स्वतःच्या मर्जीनं, सगळ्या वाडीशी भांडून, एकच गोष्ट कमावली, एक तास पाठ टेकायचा हक्क, आणि तोही एकटीसाठी नाही. तोच तुम्ही तिच्या बाराव्याला, तिच्याच नावानं बंद करता? माझ्या शेजारच्या दुकानदारानं मला समजावलं, गेलेल्या माणसाबद्दल पेपरात असलं पोरकट लिहू नये, चांगलं चार ओळींचं लिहावं. मी हे असंच लिहिणार. एकदा मी चुकून उत्तरार्धावर बसलो होतो, या वेळी जाणूनबुजून बसतो आहे. आणि सिनेमाही लागणार. येत्या सोमवारी, तिच्याच ओसरीवर, बेळगावचे येणार आहेत. महादेवला काकांपुढे बोलवत नाही, त्यानं मला नुसतं एवढंच सांगितलं, "मामा, दार उगडं ठेवतो." मला तेवढं पुरे.

पण सिनेमा लावणं सोपं आहे हो. तासाची गोष्ट माझ्या हातातली नव्हती. लावणी सुरू झाली ती अशी, की पहिली पाळी नारायणदांच्याच शेताची आली. महादेवशी सोमवारचं बोलायला म्हणून मी त्या दुपारी तिकडे गेलो होतो, निदान घरी तरी तसंच सांगून निघालो होतो. अठरा बायका खोपीत जेवत होत्या. हात धुऊन झाले आणि बांधावरून नारायणदांची हाक आली, "चला बायांनो, उटा. रोप सुकालंय." कुणी हललं नाही, कुणी आडवंही झालं नाही. सगळ्या जाणून होत्या. इथे तास मोडला तर उद्या दुसरीच्या शेतात तो मागायला तोंड उरणार नव्हतं, परवा तिसरीच्या. जसा आला होता तसाच, एका शेतातून दुसऱ्या शेतात, तो निघून गेला असता. एक म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठायलाही लागली. जिनं नाही म्हणायचं ती तर आता नव्हती.

सुनंदा पाण्याचा तांब्या बाजूला ठेवत होती. तिनं तो ठेवला, पदरानं तोंड पुसलं, इरलं ओढलं आणि आडवी झाली. नारायणदा बांध उतरून खोपीपर्यंत आले. "सुनंदा, काय म्हनलो मी? आता ती न्हाई." सुनंदानं डोळे उघडले नाहीत. ज्या सुनेचा आवाज मी पंधरा वर्षांत धड ऐकला नव्हता, ती म्हणाली, "मामंजी, आत्ती गेल्या. आमची पाठ हितंच हाय."

ती उठायला लागलेली म्हातारी आधी खाली बसली. मग एकेक करून सगळ्या आडव्या झाल्या. पावसाचा बारीक आवाज होता आणि कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, तेवढंच. नारायणदा रोपाची एक पेंढी उचलून चिखलात उतरले आणि एकटेच लावू लागले. मला त्यांची दया आली, पण मी गेलो नाही. मीही खोपीच्या दाराशी पोतं अंथरून पडलो. बाजूच्या बाईनं मला पाय आखडून घ्यायला सांगितलं, मी आखडून घेतले. नारायणदांनी एक ओळ पुरी केली, दुसरी धरली. मधेच ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि आमच्याकडे बघत राहिले. तास भरला. आम्ही उठलो नाही.